बोटानं पट्टी सरकवा, कर्जाचा हिशोब पाहा

(आमच्या सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा लेखी मजकूर)



गटाची पंचसूत्री आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब. पहिल्या चार सूत्रांत दहाच्या दहा जणी असतात. पाचव्यात मात्र बहुतेक ठिकाणी एक किंवा दोनच. वही सचिवताईंकडे, कॅल्क्युलेटर त्यांच्याच मोबाइलमध्ये आणि बाकीच्यांनी सांगितलेला आकडा ऐकून सही करायची. सचिवताई खोटं सांगतात असं नव्हे. पण आपल्या कर्जाचं व्याज आपल्याला कळलं नाही, तर उद्या दुसरं कुणी दारात कर्ज घेऊन आलं की ते स्वस्त की महाग, हेही कळत नाही.

म्हणून आज आम्ही एका अशा साधनाबद्दल सांगणार आहोत, जे हा हिशोब सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आणतं. मोबाइलच्या पडद्यावर एक पट्टी असते. ती बोटानं सरकवली की आकडे बदलतात, आलेख बदलतो. असं पान बनवण्यासाठी आर नावाची संगणकाची भाषा आणि तिचं शायनी नावाचं जोडसाधन वापरता येतं. नावं नवी आहेत, पण गोष्ट अवघड नाही. आधी आपला प्रश्न काय, ते पाहू. यंत्राकडे मग वळू.

एकच दर, दोन हिशोब

समजा, एकीनं १२,००० रुपये कर्ज घेतलं. मुदत १२ महिने. व्याज दरमहा शेकडा २. दर महिन्याला मुद्दलाचे १,००० रुपये फेडायचे. आता व्याज किती होईल?

पहिली पद्धत फ्लॅट दराची. यात व्याज कायम सुरुवातीच्या रकमेवर लागतं. १२,००० चे शेकडा २ म्हणजे २४० रुपये. बारा महिने गुणिले २४०, झाले २,८८० रुपये.

दुसरी पद्धत घटत्या शिलकीची. यात जेवढं मुद्दल अंगावर उरलंय, तेवढ्यावरच व्याज. पहिल्या महिन्यात १२,००० वर २४० रुपये. दुसऱ्या महिन्यात ११,००० उरले, त्यावर २२०. मग २००, मग १८०, असं उतरत उतरत बाराव्या महिन्यात १,००० वर फक्त २० रुपये. सगळी बेरीज १,५६० रुपये.

दर तोच, मुदत तीच, कर्ज तेच. फरक १,३२० रुपयांचा.

आता खरी मेख पाहा. एक जण सांगतो, "ताई, आमचं व्याज फक्त शेकडा १, पण फ्लॅट." दुसरीकडे गट म्हणतो, "आमचं शेकडा दीड, घटत्या शिलकीवर." कानाला स्वस्त काय वाटतं? शेकडा १. पण हिशोब केला तर फ्लॅट १ टक्क्यानं १२,००० वर वर्षाचे १,४४० रुपये होतात आणि घटत्या शिलकीवरच्या दीड टक्क्यानं १,१७० रुपये. म्हणजे ऐकायला महाग वाटणारं कर्ज २७० रुपयांनी स्वस्त पडलं.

रिझर्व्ह बँकेनं लहान कर्जांसाठी, म्हणजे मायक्रोफायनान्ससाठी, १ एप्रिल २०२२ पासून नवे नियम लागू केले. त्यानुसार कर्ज देणाऱ्यानं वर्षाचा एकूण दर दाखवणारं माहितीपत्रक द्यायचं असतं. कर्जाचं कार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत असायला हवं. कर्ज मुदतीआधी फेडलं म्हणून दंड लावता येत नाही. हे हक्काचं आहे, मागून घ्यायचं. पण कागद हातात आल्यावर तो वाचता येणं, त्यातला आकडा पडताळता येणं, हे काम आपलंच.

आर म्हणजे काय?

आर ही आकडेशास्त्राची, म्हणजे संख्याशास्त्राची संगणक भाषा आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केली. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर इंग्रजीत 'आर', म्हणून भाषेचंही नाव आर. त्याआधी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत एस नावाची भाषा होती, तिच्यावरून ही बेतली. १९९५ मध्ये त्यांनी ती सगळ्यांसाठी मोफत खुली केली. आजही ती फुकट मिळते, कुणाचा परवाना लागत नाही, आणि तिची आतली रचनाही कुणालाही पाहता येते.

आरचा मोठा गुण असा, की ती एकेका आकड्यावर नव्हे, तर आकड्यांच्या अख्ख्या रांगेवर एकदम हिशोब करते. १२,०००, ११,०००, १०,००० अशी शिल्लक मुद्दलाची रांग तिला दिली आणि "याला शेकडा २ ने गुण" असं एका ओळीत सांगितलं, की बाराही महिन्यांचं व्याज एका क्षणात हजर. "बेरीज कर" म्हटलं की १,५६० समोर.

अनेक महाविद्यालयांत संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना आर शिकवतात. बायकांनी ही भाषा शिकावी, एकमेकींना शिकवावी म्हणून आर-लेडीज नावाचं जाळंही आहे. गॅब्रिएला डी केरोझ यांनी ते २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात सुरू केलं आणि पुढे ते देशोदेशी पसरलं.

पण नुसत्या आरमध्ये एक अडचण होती. हिशोब करायला संगणकावर बसून आज्ञा लिहाव्या लागत. मुदत १२ ऐवजी २४ महिने करून पाहायची, तर आज्ञा पुन्हा चालवायची. ते शिकलेल्या माणसाचं काम. बैठकीत बसलेल्या बाईच्या हातात ते येत नव्हतं.

शायनी: पुढची पडवी, मागचं स्वयंपाकघर

२०१२ मध्ये आरस्टुडिओ नावाच्या कंपनीनं शायनी आणलं. जो चेंग हे त्याचे मुख्य निर्माते. (ही कंपनी २०२२ पासून पॉझिट या नावानं ओळखली जाते.) शायनीमुळे आरमध्ये लिहिलेला हिशोब थेट इंटरनेटच्या पानावर आणता येऊ लागला. त्यासाठी पानं बनवण्याच्या वेगळ्या भाषा शिकायची गरज उरली नाही.

शायनीचे दोन भाग असतात. घराचंच उदाहरण घेऊ. पाहुणा येतो तो पडवीत बसतो. चहा मात्र आत स्वयंपाकघरात होतो. पडवी म्हणजे आपल्याला मोबाइलवर दिसणारा भाग. त्याला युआय म्हणतात. रक्कम लिहायची चौकट, महिन्यांची सरकपट्टी, उत्तर दिसायची जागा, आलेखाची जागा, हे सगळं तिथं मांडलेलं असतं. स्वयंपाकघर म्हणजे सर्व्हर. तिथं आर बसलेली असते आणि हिशोब करते. पाहुण्यानं काय मागितलं ते आत कळतं, आत तयार झालेलं बाहेर येतं. शायनीचं काम या दोघांमधला निरोप पोचवण्याचं.

पाटाचं पाणी

आता त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट. पट्टी सरकवली की कुठलंही बटण न दाबता उत्तर बदलतं. हे कसं होतं?

शेतात पाणी देताना आपण काय करतो ते आठवा. पाटाला पाणी आलं आणि एका वाफ्याचं दार उघडलं, की त्या वाफ्याला जोडलेल्या सऱ्यांतच पाणी जातं. पलीकडच्या वाफ्यात जात नाही. शायनीही तसंच लक्षात ठेवतं, की कुठलं उत्तर कुठल्या आकड्यावर अवलंबून आहे. व्याजाचा आकडा रक्कम, महिने आणि दर या तिघांना जोडलेला आहे. यातला एक जरी बदलला तरी व्याज पुन्हा मोजलं जातं. पण पानावर पावसाचा आलेख असेल आणि त्याचा कर्जाशी संबंध नसेल, तर त्याला हात लागत नाही. या पद्धतीला रिॲक्टिव्ह म्हणतात, म्हणजे बदलाला आपणहून प्रतिसाद देणारी.

आणखी एक शहाणपण. आलेख, तक्ता आणि बेरीज, तिघांनाही महिन्यावारी व्याजाची तीच यादी लागते. ती तीनदा करायची गरज नाही. आपण नाही का सकाळी एकदाच वाटण करून ठेवत? तेच आमटीत, तेच उसळीत. शायनीतही यादी एकदा तयार करून ठेवतात आणि तिघंही तीच वापरतात. काम वाचतं आणि तिन्हीकडचे आकडे कायम जुळतात.

आपलं कर्जाचं पान कसं बनेल?

हे लिहायला संगणक किंवा लॅपटॉप लागतो. वापरायला साधा स्मार्टफोन पुरतो. गटातल्या एखादीची मुलगी बी.एस्सी. करत असेल, गावात संगणक शिकलेला कुणी असेल, तर त्यांना हा भाग वाचून दाखवा. पायऱ्या अशा:

१. संगणकावर आर आणि आरस्टुडिओ उतरवून घ्यायचं. दोन्ही मोफत. मग आरमधूनच शायनी उतरवायचं. हे एकदाच करावं लागतं.

२. पडवी मांडायची. तीन गोष्टी विचारायच्या. कर्जाची रक्कम, तिच्यासाठी आकडा लिहायची चौकट. महिने, त्यासाठी १ ते ३६ ची सरकपट्टी. व्याजदर, त्यासाठी ० ते ५ ची सरकपट्टी. दराच्या पट्टीवर स्पष्ट लिहायचं, "दरमहा शेकडा". बँक वर्षाचा दर सांगते, गावात महिन्याचा सांगतात. नुसतं "दर" लिहिलं तर एक जण २४ भरेल आणि दुसरी २.

३. उत्तरांच्या जागा ठेवायच्या. फ्लॅटनं एकूण व्याज, घटत्या शिलकीनं एकूण व्याज, दोन्हींतला फरक, महिन्यावारी तक्ता आणि एक आलेख.

४. स्वयंपाकघरात हिशोब लिहायचा. रक्कम भागिले महिने म्हणजे दरमहाचं मुद्दल. त्यावरून शिल्लक मुद्दलाची रांग. रांग गुणिले दर, भागिले १००. मग बेरीज. फ्लॅटसाठी रक्कम गुणिले दर गुणिले महिने, भागिले १००.

५. शेवटी पडवी आणि स्वयंपाकघर जोडून पान सुरू करायचं. त्याला एकच ओळ लागते.

सगळं मिळून साधारण एका वहीच्या पानाएवढं लिखाण. नव्यानं शिकणारी बहुतेक अडते ती स्वल्पविरामावर आणि कंसावर. उघडलेला कंस बंद केला नाही, दोन गोष्टींमध्ये स्वल्पविराम राहिला, की पान चालत नाही. पण संगणक बहुधा कुठल्या ओळीजवळ अडलंय ते सांगतो. शिवणात टाका सुटावा तसंच हे. उसवायचं आणि पुन्हा घालायचं.

पट्ट्यांची नावं, सूचना, सगळं मराठीत लिहिता येतं. आलेखावर अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर घाबरू नका. ज्या संगणकावर हिशोब चालतोय त्यावर देवनागरी फाँट नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आलेखात काय दिसेल? आतापर्यंत भरलेल्या व्याजाच्या दोन रेषा. फ्लॅटची रेष शिडीसारखी सरळ वर चढत जाते. घटत्या शिलकीची आधी चढते आणि हळूहळू आडवी होत जाते. आता महिन्यांची पट्टी १२ वरून २४ वर न्या. फ्लॅटचं व्याज ५,७६० होतं, घटत्या शिलकीचं ३,०००. फरक वाढून २,७६० रुपये. पट्टी ६ वर आणा. १,४४० आणि ८४०, फरक ६०० रुपये. मुदत लांबली की दोन्ही रेषा एकमेकींपासून किती दूर जातात, हे ज्या बाईला अक्षर येत नाही तिलाही दिसतं. "हप्ता कमी करून देतो, मुदत वाढवू" असं कुणी म्हणालं की त्याची किंमत काय, हे ती डोळ्यांनी पाहू शकते.

विश्वास ठेवण्याआधी तपासा

यंत्राला जे सांगितलं तेच ते करतं. सांगणाऱ्याचं चुकलं, तर यंत्र तेच चुकीचं उत्तर न अडखळता दाखवतं. म्हणून नवं पान हातात आलं की तीन गोष्टी करून पाहायच्या.

पहिली, वहीवर हातानं केलेला हिशोब भरून पाहा. १२,००० रुपये, १२ महिने, शेकडा २. उत्तर २,८८० आणि १,५६० यायलाच हवं. १०० नं भागायचं राहिलं असेल तर फ्लॅटचं व्याज २,८८,००० दिसेल. ते लगेच कळेल.

दुसरी, दर शून्य करा. व्याज शून्य आलं पाहिजे.

तिसरी, मुदत १ महिना करा. एकाच महिन्यात सगळं फेडलं तर शिल्लक घटायला वेळच मिळत नाही. म्हणून दोन्ही पद्धतींचं उत्तर सारखं यायला हवं, २४० रुपये. वेगळं आलं तर सूत्र चुकलंय.

इथं एक खुलासा. बँकेचा हप्ता बहुधा दर महिन्याला सारखाच असतो. त्यात सुरुवातीला व्याजाचा वाटा जास्त आणि मुद्दलाचा कमी असतो. त्या पद्धतीनं याच कर्जाचं व्याज सुमारे १,६१७ रुपये येतं. तेव्हा बँकेचा आकडा आपल्या १,५६० पेक्षा थोडा जास्त दिसला तर लगेच भांडायला जाऊ नका. पण तो २,८८० च्या जवळ दिसला, तर विचारायलाच हवं.

रेंज गेली तर?

नेहमीच्या पद्धतीत हिशोब दूरच्या संगणकावर होतो आणि आपला फोन त्याच्याशी सतत बोलत असतो. रेंज गेली की पान करडं पडतं आणि पट्टी हलवून काही होत नाही. पुन्हा उघडावं लागतं आणि भरलेले आकडे परत भरावे लागतात. डोंगराकडच्या गावांना हे जाचक आहे.

यावर उपाय निघाला आहे. शायनीलाइव्ह नावाच्या पद्धतीत आर भाषाच फोनमधल्या ब्राउझरमध्ये उतरते आणि हिशोब फोनवरच होतो. आरसाठी ही सोय २०२३ पासून आली. पहिल्यांदा पान उघडायला वेळ आणि डेटा जास्त लागतो. पण एकदा पूर्ण उघडलं की मध्येच रेंज गेली तरी पट्टी सरकवून उत्तर मिळतं. बैठकीच्या आधी जिथं रेंज आहे तिथं पान उघडून ठेवायचं आणि बैठकीत वापरायचं.

नावं भरू नका

ही गोष्ट जपून ऐका. या पानाला फक्त तीन आकडे लागतात. कुणाचं नाव लागत नाही, आधार क्रमांक लागत नाही, खाते क्रमांक लागत नाही. हिशोब करून देतो म्हणून कुठलंही पान हे मागू लागलं, तर ते बंद करा.

मोफत जागेवर ठेवलेलं पान बहुधा ज्याच्याकडे दुवा आहे त्या प्रत्येकाला उघडता येतं. गटाच्या थकबाकीची यादी नावांसह तिथं टाकली, तर ती गावभर होईल. कुणाच्या घरात किती कर्ज आहे, ही गोष्ट गटाच्या चार भिंतींत राहिली म्हणूनच बायका गटात मोकळेपणानं बोलतात. तो विश्वास एकदा तुटला की कुठल्याही यंत्रानं सांधता येत नाही. हिशोबाची पद्धत सगळ्यांसमोर असू द्या, बायकांची खाती मात्र वहीतच राहू द्या.

वही मोडीत काढायची नाही

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? कागदावरही हे जमतं. खरं आहे. एकदाच करायचा हिशोब असेल तर कागद-पेन्सिल पुरे. थोडा मोठा असेल तर संगणकातला साधा तक्ताही पुरतो. पण तक्त्यात कुणाचं बोट चुकून सूत्रावर पडलं की सूत्र मोडतं आणि दुसरीला ते कळतही नाही. इथं सूत्र आत सुरक्षित राहतं. बाहेर फक्त पट्ट्या असतात. एकदा बनवलेलं पान दहा गटांना, शंभर बायकांना तसंच वापरता येतं. ज्या हिशोबाची गरज पुन्हा पुन्हा पडते आणि जो अनेकींनी करून पाहायला हवा, त्यासाठीच हा खटाटोप.

कर्जाचं पान जमलं की इतरही सुचतील. रोजचं दूध आणि फॅट भरून महिन्याचा आलेख. शेवग्याच्या पावडरीचा, पापडाचा खर्च भरून किलोमागे दर किती ठेवावा ते. पेरणीआधी बियाणं, खत, मजुरी यांचे आकडे हलवून कुठलं पीक परवडतं ते. प्रश्न आपला हवा. पट्ट्या कुणीही जोडून देईल.

आणि निर्णय? तो पान घेत नाही. मुलीच्या फीसाठी आजच पैसे हवेत, की शेळी विकून महिनाभर थांबता येईल, हे आलेखात दिसत नाही. ते त्या बाईलाच ठाऊक असतं. पान फक्त तिच्यापुढे किंमत मांडतं.

येत्या बैठकीत एक करा. संगणकाची वाट पाहू नका. फळ्यावर किंवा कागदावर १२,००० चं कर्ज लिहा, दोन्ही पद्धतींनी व्याज काढा आणि प्रत्येकीला विचारा, "तुझं कर्ज यातलं कुठलं?" जिला उत्तर देता येणार नाही, तिचं कर्जाचं कार्ड सगळ्यांनी मिळून वाचा. पट्टी सरकवणारं पान नंतर येईल, तेव्हा त्याला काय विचारायचं हे आपल्याला आधीच माहीत असेल.